वापरलेली एसएमटी लाइन विकायची आहे: जळगाव-धुळे-भुसावळकडच्या जाणकारांनी सांगावे

गिरणाकाठ (जळगाव)

राम राम मंडळी. जळगाव एमआयडीसीतली, सर्किट बोर्डावर इलेक्ट्रॉनिक पार्ट बसवणारी एक छोटी असेंब्ली (एसएमटी) लाइन विकायला काढली आहे. सामान असे:

सेमी-ऑटो स्टेन्सिल प्रिंटर (बोर्डावर सोल्डर पेस्ट लावणारा), जुकी केई-२०६० पिक अँड प्लेस (पार्ट उचलून बोर्डावर ठेवणारे मशीन), त्याला पार्टची पट्टी पुरवणारे फीडर ६२, पेस्ट वितळवणारा आठ झोनचा रिफ्लो ओव्हन, लेडवाले म्हणजे शिसेयुक्त सोल्डरचे वेव्ह सोल्डरिंग मशीन (पॉट, म्हणजे सोल्डरची टाकी, भरलेला आहे), स्क्रू कॉम्प्रेसर आणि एअर ड्रायर.

नोएडाचा एक डीलर फोटो बघून सगळ्याचा एकरकमी भाव देतो. सुरतचा एलईडीवाला फक्त पिक अँड प्लेस आणि फीडर मागतो. दोघांचे आकडे जुळत नाहीत. अख्खी लाइन द्यावी की सुटी? गिऱ्हाईक येण्याआधी काय तयारी ठेवावी? महिनाअखेर शेड रिकामी करायची आहे, म्हणून मशीन उचलून गोदामात ठेवण्याचाही विचार आहे.

सोल्डरधूर (नाशिक)

गोदामाचा विचार आधी बाजूला ठेवा. गिऱ्हाइकाने मशीन चालताना बघेपर्यंत ना लाइट तोडा, ना हवा. तोडलेल्या मशीनबद्दल कोणी काहीही सांगितले तरी घेणारा विश्वास ठेवत नाही आणि भंगाराच्या आसपासचा भाव बोलतो. शेडचे महिनाभराचे जादा भाडे त्यापुढे किरकोळ ठरते.

बंद ठेवण्यात तांत्रिक धोकेही आहेत. कंट्रोल पीसीची सीमॉस बॅटरी उतरते. ज्या मशीनमध्ये अॅब्सोल्यूट एन्कोडर (अक्षाचे स्थान सांगणारे सेन्सर) असतात त्यांची वेगळी बॅटरी संपली की अक्षांचे मूळ स्थान पुसले जाते आणि ते पुन्हा बसवायला इंजिनिअर बोलवावा लागतो. पत्र्याच्या गोदामात पावसाळ्यात बॉलस्क्रू आणि लिनिअर गाइडवर गंज धरतो, उंदीर केबल कुरतडतात. ठेवणे टळणारच नसेल तर गाइडवर ताजे ग्रीस, उघड्या धातूवर गंजरोधक तेल, आत सिलिका जेल, आणि पंधरवड्यातून एकदा दोन तास मशीन चालू.

आज करायचे काम म्हणजे हार्ड डिस्कची अख्खी प्रत. फाइली उतरवून घेणे पुरत नाही, डिस्कचा क्लोन हवा. जुन्या मशीनमध्ये विंडोज एनटी किंवा एक्सपी असते, डिस्कही त्याच वयाची. ट्रकच्या धक्क्याने ती गेली तर कॅमेऱ्याचे, हेडचे, नोझलचे सगळे कॅलिब्रेशन आकडे तिच्यासोबत जातात. क्लोन घ्या, त्या क्लोनवर मशीन एकदा चालू करून बघा आणि मूळ डिस्क वेगळी गुंडाळून द्या.

क्लोन झाल्यावरच ग्राहकांचे प्रोग्रॅम मूळ डिस्क आणि क्लोन, दोन्हींवरून पुसायला बसा. दुसऱ्यांच्या बोर्डांचा डेटा नव्या मालकाकडे जाता कामा नये. पण पुसायच्या त्या जॉब फाइली, मशीन पॅरामीटरच्या फोल्डरला हात लावायचा नाही. दोन्ही एकाच ड्राइव्हवर असतात आणि उत्साहात पॅरामीटरही उडतात.

फीडरपेटी (पुणे)

६२ फीडर म्हणजे नेमके कोणते? घेणाऱ्याला तेच कळायला हवे. जुकीच्या मेकॅनिकल फीडरवर कोड असतो. सीएफ०५एचपी म्हणजे ०४०२ मापाच्या बारीक पार्टसाठीचा ८ मिमी पट्टीचा, २ मिमी पिचचा (पिच म्हणजे पट्टीवरच्या दोन पार्टमधले अंतर). सीएफ०८१पी हा ८ मिमी कागदी पट्टीचा, ४ मिमी पिचचा. सीएफ०८१ई तसाच, पण एम्बॉस म्हणजे प्लास्टिक खळग्यांच्या पट्टीचा. पुढे १२, १६, २४ मिमी. कोडवार मोजून तक्ता करा. '८ मिमी, ४० नग' एवढेच लिहिले तर एलईडीवाला गोंधळतो, कारण एलईडी बहुतेक एम्बॉस पट्टीत येतात आणि कागदी पट्टीच्या फीडरमध्ये त्या नीट सरकत नाहीत.

प्रत्येक फीडर मशीनवर लावून ५० वेळा पट्टी पुढे सरकवा. बघायचे ते असे: खळगा उचलण्याच्या जागी दर वेळी मध्यावर थांबतो का, वरची कव्हर टेप सोलली जाते का, शटर वाकलेले आहे का, स्प्रोकेटचे दात झिजलेत का. मग तीन ढीग: चालू, दुरुस्तीजोगे, सुट्या भागांसाठी. तिसऱ्या ढिगातले फीडर मोजणीत धरू नका, 'सुट्या भागांसाठी सोबत' म्हणून द्या. गिऱ्हाइकाला वीस फीडर तपासून तीन खराब सापडले की तो उरलेल्या सगळ्यांचा भाव पाडतो.

पार्ट ओढून धरणारे नोझल ५०० ते ५०८ मधले कोणते आणि किती तेही लिहा. टोक चिरलेले नोझल भिंगाशिवाय दिसत नाही, पण उचलण्यात चुका त्यानेच वाढतात.

आणि हे ठाम सांगतो, फीडर मशीनपासून तोडू नका. फीडरला सुटा भाव चांगला येतो म्हणून ते आधी गेले की मागे राहिलेल्या मशीनला कोणी विचारत नाही. नव्या मालकाला ४० फीडर बाहेरून जमवायचे म्हटले तर तो खर्च मशीनच्या किमतीला जाऊन भिडतो.

पांझरा (धुळे)

भाऊ, मशीन चालू शे का बंद शे, हाई पहिले सांगा. आणि दुसरे, सुरतवाल्याचा बोर्ड किती लांब आहे ते विचारलेत का? ट्यूबलाइटच्या पट्ट्या दोन फूट, चार फूट असतात. साध्या पिक अँड प्लेसमध्ये मोठ्या बोर्डाचा (सब्सट्रेटचा) पर्याय नसेल तर ४०० मिमीच्या आसपास मर्यादा येते. नेमप्लेटचा आणि रेलच्या मापाचा फोटो पाठवा. बल्बच्या गोल बोर्डांचे पॅनेल किंवा डाउनलाइट असेल तर चालेल, चार फुटी पट्टी असेल तर हा सौदा शेवटच्या दिवशी मोडणार.

आपल्या भागातच गिऱ्हाईक बघा. शेतीपंपाचे ऑटो स्टार्टर, ठिबकचे टाइमर, सोलर पंपाचे कंट्रोलर जोडणाऱ्यांचे बोर्ड छोटे असतात, संख्या मध्यम असते. त्यांना असले मशीन बरोबर बसते. पॉलिटेक्निक आणि इंजिनिअरिंग कॉलेज प्रिंटर नि छोटा ओव्हन घेऊ शकतात, पण त्यांची खरेदीची प्रक्रिया लांबते.

गिरणाकाठ (जळगाव)

पांझरा दादा, मशीन चालू आहे, रोज अर्धी पाळी उत्पादन निघते. सुरतवाल्याला बोर्डाचे माप विचारले, उत्तर यायचे आहे. डेमोत नेमके काय दाखवू?

सोल्डरधूर (नाशिक)

डेमो सकाळी लवकर ठेवा. अशा मशीनच्या कागदांवर सहसा १० ते ३५ अंशांत चालवा असे असते. तुमच्याकडे मे महिन्यात दुपारी पारा ४४ वर जातो आणि एसी नसलेल्या शेडमध्ये सर्व्होचा किंवा सेन्सरचा अलार्म आला तर मशीन नाहक बदनाम होते.

आदल्या दिवशी लेझर सेन्सरच्या काचा लिंट न सोडणाऱ्या कापडाने आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) लावून हलक्या हाताने पुसा. केई-२०६० मध्ये छोटे पार्ट लेझरने मध्यावर आणले जातात. काच मळली की पार्ट ठीक असूनही मशीन तो फेकते. व्हॅक्यूमचे फिल्टर बदला. हवा ०.५ मेगापास्कलला स्थिर आहे ना, ड्रायरचे पाणी निघते ना, ते बघा.

मग कोऱ्या बोर्डावर दुहेरी चिकटपट्टी लावून ०६०३ मापाचे दोनशे रेझिस्टर आणि दोन-चार बारीक पायांचे आयसी बसवून दाखवा. पेस्ट लावू नका, पेस्टमध्ये पार्ट ओव्हनमध्ये स्वतःहून सरळ होतो आणि मशीनची खरी अचूकता झाकली जाते. चिकटपट्टीवर पार्ट जिथे ठेवला तिथेच राहतो. हे गिऱ्हाइकासमोर करा आणि अखंड, न कापलेला व्हिडिओ ठेवा: मेन स्विच, मूळ स्थानावर जाणे, वॉर्मअप, उत्पादन, शेवटी उचल-चुकांचा स्क्रीन. चालू तासांचा स्क्रीनही दाखवा.

वेगाचा आकडा जाहिरातीत देताना कॅटलॉगचा देऊ नका. तो सर्वांत अनुकूल मांडणीतला असतो. तुमच्या नेहमीच्या बोर्डावर तासाला किती पार्ट बसतात तो आकडा द्या, सोबत बोर्डावरचे पार्ट आणि फीडरची संख्या सांगा.

२१७_अंश (छत्रपती संभाजीनगर)

ओव्हन आणि वेव्हबद्दल लिहितो, कारण विकणारे या दोन्हींत सगळ्यात जास्त नुकसान करून घेतात.

ओव्हन. लेडवाली सोल्डर १८३ अंशांना वितळते, एसएसी३०५ या लेड-फ्री (बिनशिशाच्या) सोल्डरला २१७ ते २२० लागतात आणि शिखर साधारण २३५ ते २५० पर्यंत न्यावे लागते. घेणारा पहिला प्रश्न हाच विचारतो की लेड-फ्री निघेल का. तोंडी हो म्हणू नका. के प्रकारचे तीन थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) खऱ्या बोर्डावर लावा, एक मोठ्या आयसीखाली, एक कडेला, एक मध्यावर, आणि प्रोफाइल म्हणजे तापमानाचा आलेख काढून द्या. कागदावरचा आलेख बघितला की घासाघीस कमी होते. आधी लेड वापरलेला ओव्हन लेड-फ्रीला चालतो, कारण बोर्ड हवेनेच तापतो. साफसफाई मात्र नीट हवी. वाळलेला फ्लक्स थंड झाल्यावरच काढा, गरम ओव्हनमध्ये आयपीए मारणे म्हणजे आगीला बोलावणे.

बंद करताना मेन थेट खाली पाडू नका. हीटर बंद करून ब्लोअर आणि कन्व्हेयर चालू ठेवा, झोन १०० च्या खाली आले की मगच मेन. नाहीतर साठलेल्या उष्णतेने ब्लोअरच्या बेअरिंगचे ग्रीस जळते आणि साखळी एका बाजूला ताणली जाते. भारनियमनाच्या भागातला ओव्हन असेल तर कन्व्हेयरचा यूपीएस चालतो का हे घेणारा बघतोच. हीटर मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) तपासायचे असतील तर दोन्ही टोके कंट्रोलरपासून सोडवा. ५०० व्होल्टचा मेगर कार्डांवर गेला तर ओव्हनच बसेल.

वेव्ह. पॉट भरलेला ठेवून मशीन उचलू नका. ४० लिटरच्या पॉटमध्ये लेडवाली सोल्डर घनता ८.४ धरली तर ३३० किलोच्या पुढे जाते. एवढे वजन एका टोकाला असताना फोर्कलिफ्टचा तोल जातो आणि सांगाडा पिळतो. आधी ड्रॉस म्हणजे सोल्डरवर साचलेली मळी काढा, २५० अंशांना सोल्डर पातळ ठेवून ओतणीने साच्यांत काढा. साचे आधी तापवून पूर्ण कोरडे करा. ओलसर साच्यात पाण्याची वाफ होऊन वितळलेला धातू उडतो. तोंडावर पूर्ण शील्ड, चामडी हातमोजे, लांब बाह्या, पायात बंद बूट, आणि धूर ओढणारा पंखा चालू. काम दोघांनी करायचे. तळाला राहिलेले दोन-चार किलो चालतात, पण पंपाच्या पात्यात गोठलेली सोल्डर असेल तर 'पूर्ण वितळल्याशिवाय पंप चालू करू नये' असा कागद मशीनवर चिकटवा. नाहीतर शाफ्ट तुटतो.

ही सोल्डर मशीनच्या भावात फुकट घालू नका. किलोवर वेगळी विका. आधी नमुना तपासून घ्या, लेडवाल्या पॉटमध्ये तांबे ०.३ टक्क्यांच्या वर गेले असेल तर ती वेव्हला चालत नाही, पण धातू म्हणून किंमत आहेच. ड्रॉस भंगारवाल्याच्या हातगाडीत नको. त्यात शिसे असते, ते परवानाधारक रिसायकलरकडेच.

एक गोष्ट जाहिरातीत ठळक लिहा: 'पॉट लेडसाठी वापरलेला'. आरओएचएसमध्ये (इलेक्ट्रॉनिक मालातल्या घातक पदार्थांच्या नियमात) शिशाची मर्यादा ०.१ टक्का आहे, भिंतींना चिकटलेल्या सोल्डरनेच ती ओलांडली जाते. शिवाय लेड-फ्री मिश्रणात कथिल जास्त, ते साध्या स्टेनलेस स्टीलला खात जाते, म्हणून पॉटही वेगळा लागतो. हे न सांगता विकले तर भांडण ठरलेले.

हिशेबवही (भुसावळ)

भाव ठरण्याआधी कागद बघा. कर्जावर घेतलेले मशीन बँकेकडे तारण असते. बँकेचे ना हरकत पत्र नसेल तर विकता येत नाही. खाजगी कंपनी असेल तर आरओसीकडचा (कंपनी निबंधकाकडचा) बोजाही उतरवून घ्या. मशीन ईपीसीजीखाली, म्हणजे निर्यातीच्या अटीवर शुल्क सवलतीत आयात झाले असेल तर निर्यातीची अट पूर्ण होऊन मुक्तीचे पत्र मिळेपर्यंत सौद्याचा विचारही करू नका.

जीएसटी. मशीन घेताना इनपुट क्रेडिट घेतले असेल तर विकताना दोन आकडे काढायचे आणि मोठा भरायचा. पहिला: घेतलेल्या क्रेडिटमधून दर तिमाहीला किंवा तिच्या भागाला ५ टक्के वजा करून उरलेली रक्कम. दुसरा: विक्री किमतीवरचा कर. उदाहरण देतो. ३० लाखांच्या मशीनवर १८ टक्क्यांनी ५,४०,००० क्रेडिट घेतले. १४ तिमाह्या झाल्या, ७० टक्के गेले, उरले १,६२,०००. विक्री ८ लाखांना, त्यावर कर १,४४,०००. म्हणजे भरायचे १,६२,०००. गिऱ्हाइकाकडून बिलात १,४४,००० येतील, वरचे १८,००० विकणाऱ्याच्या खिशातून. वीस तिमाह्या उलटल्या की पहिला आकडा शून्य होतो. म्हणून भाव बोलण्याआधी खरेदीचे बिल काढा.

बिलात प्रत्येक मशीन वेगळ्या ओळीत, एचएसएन कोडसह: पिक अँड प्लेस ८४७९, ओव्हन ८५१४, वेव्ह ८५१५. मॉडेल, सिरियल नंबर, उत्पादन वर्ष. गिऱ्हाईक राज्यातले असेल तर सीजीएसटी-एसजीएसटी, सुरत-नोएडा असेल तर आयजीएसटी. ई-वे बिल राज्याबाहेर ५० हजारांच्या वर, महाराष्ट्रात १ लाखाच्या वर. साध्या मालाला २०० किलोमीटरला एक दिवस मुदत मिळते. ट्रक वाटेत बिघडला तर मुदत वाढवून घ्या.

गिरणाकाठ (जळगाव)

बँकेचे पत्र आहे, ईपीसीजी नाही. भाव कसा काढावा?

फीडरपेटी (पुणे)

पुस्तकी किंमत विसरा, तिचा बाजाराशी संबंध नाही. गिऱ्हाइकाच्या बाजूने मोजा. तसेच मशीन तेवढ्याच फीडरसह डीलरकडून बसवून, चालू करून किती पडते ते तीन ठिकाणी विचारा. त्यातून उचलणी, वाहतूक, बसवणी, कॅलिब्रेशन, कमी असलेले फीडर आणि घेणाऱ्याची जोखीम वजा करा. जे उरते ते तुमचे. डीलरला यातून स्वतःचा नफाही काढायचा असतो, म्हणून त्याचा आकडा कमी येणारच, पण तो वेव्ह, कॉम्प्रेसर सगळे एका दिवसात उचलतो.

तुमच्या बाबतीत मी पिक अँड प्लेस, फीडर, प्रिंटर आणि ओव्हन एकत्र ठेवीन. चारही मिळून घेणाऱ्याची लाइन दुसऱ्या आठवड्यात चालू होते. वेव्ह वेगळे, सोल्डर वेगळी. कॉम्प्रेसर तर खानदेशात पाइपवाले, चटईवाले कोणीही घेतील, तो लाइनसोबत स्वस्तात घालवू नका. पण डेमो संपेपर्यंत तो हलवायचा नाही, हे ध्यानात ठेवा.

हायड्रा_अवधान (धुळे)

उचलणीचे. आधी शेडचे दार मोजा, सिग्नल टॉवर आणि मॉनिटर काढून मशीनची उंची मोजा. असले पिक अँड प्लेस दीड टनाच्या आसपास भरते. सोबत आलेल्या ट्रान्सपोर्ट ब्रॅकेट शोधा, त्यांनी हेड आणि एक्स-वाय अक्ष बांधायचे. ब्रॅकेट हरवल्या असतील तर जाड फोम आणि पट्ट्यांनी हेड कोपऱ्यात घट्ट धरा. नुसता दोर बांधला तर वाटेत हेड आपटून बॉलस्क्रूवर खाचा पडतात, मग अचूकता कधी येत नाही.

फोर्कलिफ्टची पाती मशीनवर खुणा केलेल्या जागीच. हायड्रा क्रेनने उचलायचे तर वर आडवा बीम लावा, साखळी थेट बांधली तर कव्हर दाबले जाते. लेव्हलिंगचे पाय पूर्ण वर. लाकडी पॅलेटवर बोल्टने आवळा, त्यावर गंजरोधक फिल्म, मग ताडपत्री. फीडर मशीनवर लावून पाठवू नका, क्रेटमध्ये उभे ठेवा, मध्ये पुठ्ठा.

बंद कंटेनर आणि एअर सस्पेन्शनची गाडी मिळाली तर भाडे जास्त द्या. पुण्याकडे जायचे तर चाळीसगाव-कन्नडच्या औट्रम घाटात जड वाहनांवर निर्बंध आहेत, धुळे-मालेगाव-नाशिक मार्ग सरळ पडतो. सुरतला धुळ्यावरून नवापूर. माल वाहतुकीचा विमा कोणाच्या नावाने, हे भरण्याआधी लिहून घ्या.

पांझरा (धुळे)

पैशाचे थोडक्यात. टोकन घ्या, बाकी रक्कम खात्यात जमा झाल्याशिवाय हायड्रा बोलवू नका. आरटीजीएसच्या पावतीचा फोटो म्हणजे पैसे नव्हेत, बँकेत जमा बघा. 'क्यूआर स्कॅन करा, पैसे येतील' म्हणणारा ठगच असतो. पैसे घ्यायला स्कॅनही लागत नाही, पिनही लागत नाही. करारात 'जसे आहे, जिथे आहे' लिहा, पण त्यासोबत माहीत असलेल्या खोड्यांची यादी आणि गिऱ्हाइकाची पाहणीची सही हवी. नाहीतर त्या शब्दांना अर्थ राहत नाही. बसवणी कोणाची, प्रशिक्षणाचे दोन दिवस कोणाच्या खर्चाने, तेही त्यातच.

गिरणाकाठ (जळगाव)

सगळ्यांचे सल्ले धरून जाहिरात अशी केली आहे, बघा:

'चालू स्थितीत, जळगावात डेमो. जुकी केई-२०६०, नेमप्लेट आणि तासांच्या स्क्रीनचा फोटो सोबत. फीडर: सीएफ०५एचपी १२, सीएफ०८१पी २४, सीएफ०८१ई १०, १२ मिमी ६, १६ मिमी ४, सगळे तपासलेले. शिवाय ६ सुट्या भागांसाठी. हार्ड डिस्कचा क्लोन सोबत. आठ झोन ओव्हन, लेड-फ्री प्रोफाइलचा आलेख सोबत. सेमी-ऑटो प्रिंटर. वेव्ह वेगळे, पॉट लेडसाठी वापरलेला. माहीत असलेली खोड: मागच्या बाजूच्या फीडर बँकेत एका स्लॉटचा सेन्सर कधी कधी चुकतो. विक्री बिलासह, बँकेचे ना हरकत पत्र तयार.'

सोल्डरधूर (नाशिक)

चांगली झाली. दोन गोष्टी जोडा: बोर्डाचे कमाल आणि किमान माप, आणि वीज. नेमप्लेटवर व्होल्टेज काय आहे ते लिहा. काही जपानी मशीन २०० व्होल्टच्या थ्री फेजवर चालतात आणि शेडमध्ये वेगळा स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर लावलेला असतो. तुमच्याकडे तसा असेल तर तो विक्रीत धरलाय की नाही हे स्पष्ट करा. नवा मालक थेट ४१५ ची केबल जोडतो तेव्हा पॉवर सप्लाय पहिल्या मिनिटात जातो.

२१७_अंश (छत्रपती संभाजीनगर)

आणि ओव्हनचा चालू होतानाचा लोड. आठ झोन थंड असताना एकदम चालू केले तर ३० किलोवॉटच्या पुढे जाऊ शकतात. तुमच्या मीटरवर क्लॅम्पने तिन्ही फेजचे अॅम्पिअर मोजून तेच लिहा, म्हणजे घेणारा आधी मंजूर भार बघेल. त्या सेन्सर चुकणाऱ्या स्लॉटचा नंबरही द्या.

गिरणाकाठ (जळगाव)

स्लॉट ३४. अॅम्पिअर उद्या सकाळी मोजून टाकतो. सुरतवाल्याचे उत्तर आले, बोर्ड ५९० मिमीचा आहे, आमच्या रेलवर बसत नाही. त्याला तसे कळवले. धुळ्याचे एक ऑटो स्टार्टरवाले शनिवारी सकाळी आठला डेमोला येत आहेत.